न दुखणारे बारा दात

माझ्या हातून चुका होत नाहीत असं मी म्हणणार नाही. घरी होतात की. दूध उतू जातं, चुलत जावेच्या नातवाचं नाव मी दर वेळी चुकीचं घेते. पण प्रयोगशाळेत नाही. एकतीस वर्षं मी त्या स्टुलावर बसतेय आणि एकतीस वर्षांत एका नळीची चिठ्ठी दुसऱ्या नळीवर गेलेली नाही. तेव्हा प्राध्यापक द्रागोविच चष्मा कपाळावर चढवून माझ्यासमोर उभे राहिले आणि "याग्लिकाबाई, तुमच्याकडून नळ्यांची अदलाबदल झालीय," म्हणाले, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाला पिपेट धरायला मी शिकवलं. पहिल्या दिवशी त्याने ती उलटी धरली होती.

"कुठल्या नळ्या, सर?" मी विचारलं. मी त्यांना सर म्हणते तेव्हा ते अर्धं पाऊल मागे सरकतात.

"यासेनोवोच्या. बाराच्या बारा."

हे नीट सांगायला हवं, नाहीतर मी कशावरून एवढी भडकले ते कळायचं नाही. आमचं दंतविद्यालय. तिथे कोसारा नावाची एक मुलगी डॉक्टरेट करतेय. हुशार, कामसू, पण समुद्रकिनाऱ्यावरची, डोंगरातली नाही. तिच्या प्रबंधाचा विषय म्हणजे दाताच्या मुळाशी धरणारी गाठ. दात आतून मेलेला असतो, जंतू मुळाच्या टोकातून खाली झिरपत असतात आणि शरीर त्यांना तिथेच अडवायला बसतं. त्या अडवाअडवीत मसुराएवढी एक पिशवी तयार होते. वरून बघाल तर काही नाही. आत मात्र भर बाजार. पेशी एकमेकींना सारखे निरोप धाडत असतात. काही निरोप चिथावणीचे: या, धावा, आग लागलीय, दिसेल ते मोडा. त्या नादात जबड्याचं हाडसुद्धा विरघळतं. काही निरोप समजुतीचे: पुरे आता, बसा खाली, घरं सांभाळा. दुखऱ्या गाठीत चिथावणीवाल्यांचा आवाज मोठा असतो, मुक्या गाठीत समजूतवाल्यांचा. कोसाराला हेच आकड्यांत दाखवायचं होतं.

आणि आकडे काढायचे मी. दाताबरोबर निघालेली गाठ बर्फात ठेवून माझ्याकडे येते. मी ती वाटते, गाळते, बारीक खळग्यांच्या ताटलीत थेंब थेंब घालते. चिथावणीचे निरोप जितके जास्त, तितका खळगा पिवळा. मुक्या गाठीचा खळगा पाण्यासारखा राहतो किंवा जेमतेम लिंबाच्या सरबतासारखा होतो. यासेनोवो या डोंगरगावच्या बारा पुरुषांच्या गाठी कोसाराच्या वहीत मुक्या म्हणून नोंदल्या होत्या. माझ्या ताटलीत त्या बाराच्या बारा अंड्याच्या बलकासारख्या पिवळ्याधमक झाल्या.

"तुम्ही दुखऱ्यांचा स्टँड इकडे आणि मुक्यांचा तिकडे ठेवला असणार," सर म्हणाले.

"मग दुखऱ्यांच्या जागी मुके जाऊन ते फिके नको होते का यायला? तेही पिवळेच आलेत."

"मग एकाच स्टँडमधून दोनदा थेंब घेतलेत."

"मी? दोनदा?"

"माणसाच्या हातून होतं."

"पुन्हा मोजा मग."

"कशातून मोजू? मसुराएवढा तुकडा, सगळा वाटून झाला," ते म्हणाले. हे मात्र खरं होतं. "हे बघा, रुग्णांनी स्वतः सांगितलंय, दुखत नाही. वहीत लिहिलंय, खाली सह्या आहेत. बारा माणसं खोटं बोलतात की एक तंत्रज्ञ चुकते, यात मी काय धरू? महिनाअखेरपर्यंत काही उलगडा झाला तर ठीक. नाहीतर प्रबंधात एक ओळ घालावी लागेल, की तंत्रज्ञाच्या चुकीमुळे बारा नमुने वगळले."

आमच्याकडे तंत्रज्ञ एकच आहे. शेवटच्या पानावर आभारात माझं नाव असणार, आणि मधल्या पानावर माझी चूक. छापील, कापडी बांधणीत, ग्रंथालयात कायमची. नमुने गेले तर कोसाराचं एक वर्ष जाणार होतं. तेही वाईटच. पण खरं सांगते, मला माझंच पडलं होतं.

मी कोसाराला चहाच्या खोलीत गाठलं. ती डोळे पुसत बसली होती.

"रडणं नंतर. आधी सांग, यासेनोवोत तू त्यांना विचारलंस कसं?"

"कसं म्हणजे? फिरता दवाखाना घेऊन गेलो होतो ना, याग्लिकाताई. पंचायतीच्या हॉलमध्ये खुर्ची मांडली. एकेकाला बसवायचं, दाताचा एक्स-रे फोटो काढायचा, दुखतं का विचारायचं, मग दात काढायचा."

"आणि बाकीचे कुठे होते?"

"तिथेच. रांगेत. भिंतीला टेकून."

"पडदा?"

"पडदा कशाला? तोंड तर उघडायचं होतं."

मी कपाळाला हात लावला. "पहिला कोण बसला?"

"एक म्हातारे होते, वुकोता. काळा शर्ट घातलेले. त्यांना विचारलं, दुखतं का. ते म्हणाले, दात नाही दुखत. मग पुढचे सगळेच नाही म्हणाले. मला बरंच वाटलं, मुक्या गाठी मिळत नाहीत सहसा."

अगं माझ्या बाई. मी यासेनोवोच्या पलीकडच्याच डोंगरातली. माझा बाप मोडलेल्या पायाने दोन टेकड्या उतरून घरी आला आणि आईला म्हणाला, बूट जरा चावतोय. अशा माणसांच्या गावात, भावकीतल्या सगळ्या पुरुषांसमोर, एका कोवळ्या पोरीने विचारायचं की दुखतंय का. आणि भावकीतला सगळ्यांत वडीलधारा पहिला बसून नाही म्हणतोय. त्याच्यामागच्या अकरा जणांना हो म्हणायला काही तोंड होतं का? एखाद्याची दाढ तिथल्या तिथे फुटली असती तरी तो म्हणाला असता, दाढच होती, जाऊ दे.

"किनाऱ्यावर माणसं नखाला लागलं तरी सांगतात गं," मी म्हटलं. "इथे विचारायचं ते बायकोला."

शनिवारी सकाळच्या बसने मी यासेनोवोला गेले. तिथे दारिंका राहते, माझ्या मावशीच्या नात्यातली. तिचा नवरा मिलुतिन त्या बारांपैकी एक. मी पोचले तेव्हा पुरुष गवत कापायला गेलेले, आणि दारिंकाच्या ओट्यावर कॉफीला चार बायका जमलेल्या. मी काहीही विचारलं नाही. नुसतं म्हटलं, "तुमची माणसं नशीबवान. एवढे दात किडले, पण एक दिवस दुखलं नाही म्हणे."

चौघींचे कप एकदम खाली आले.

"नाही दुखलं?" दारिंका म्हणाली. "अगं, माझा मिलुतिन चाळीस वर्षांत देवळाची पायरी चढला नाही. यंदा एकदम बुधवार-शुक्रवार उपास धरायला लागला. मांस नको, भाकरी नको, नुसता मक्याच्या पिठाचा पातळ काचामाक दे, तोही गार करून. नंतर सोमवारही धरला. मला वाटलं, बाहेर कोणी बाई आहे आणि हा प्रायश्चित्त घेतोय. मी दोन आठवडे त्याच्या खिशांचा वास घेत होते."

"आणि सापडलं काय?"

"लवंगा."

गोस्पावा म्हणून एक दांडगी बाई होती, माशानची बायको. ती म्हणाली, "आमचा तोंडात दारूचा घोट धरून बसायचा. तासभर. गिळायचा नाही, थुंकायचा नाही, बोलायचा नाही. इतकी शांतता मला लग्नात पहिल्यांदा मिळाली. मी कशाला विचारतेय?"

तिसरीचा नवरा मोटारीत झोपायचा, कारण घरात कण्हलं की पोरांना ऐकू जातं. चौथीचा गोठ्यात जाऊन कपाळ खांबावर आपटायचा आणि सांगायचा की गाय लाथ मारते. बिचाऱ्या गायीला त्यांनी विकायला काढलं होतं. संध्याकाळपर्यंत मी सहा ओट्यांवर कॉफी प्यायले, माझं काळीज ढोलासारखं वाजत होतं, आणि माझ्या वहीत अकरा बायकांची साक्ष होती. बाराव्याला बायको नव्हती. वुकोताची स्ताना फेब्रुवारीत गेली, असं दारिंकाने सांगितलं. दात काढल्यापासून तो दुकानाकडेही फिरकला नव्हता.

सोमवारी मी ती वही सरांच्या टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे आपटलीच. त्यांनी सगळी वाचली. गायीपाशी त्यांना हसू आलं, ते त्यांनी खोकून लपवलं.

"सुरेख आहे," ते म्हणाले. "पण याग्लिकाबाई, बायकांच्या कॉफीवर प्रबंध उभा राहत नाही. रुग्णाने जबाब बदलायला हवा. स्वतः, सही करून. बाराही जणांनी."

"बाराही?"

"सगळ्यांत मोठा आकडा त्या म्हाताऱ्याचाच आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या दीडपट. तोच राहिला, तर परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतील. तो राहिला तर ओळही राहील."

पुढच्या रविवारी पुन्हा बस. यासेनोवोत रविवारी दुपारी सगळे पुरुष दुकानापुढच्या लिंडनच्या झाडाखाली बसतात. मी आधी मिलुतिनला बाजूला घेतलं. गोडीगुलाबीने म्हटलं, भाऊजी, आता दात गेला, गोष्ट जुनी झाली, एवढी सही करा.

"कसली?"

"की दुखत होतं."

"काय दुखत होतं?"

"मिलुतिन, तुम्ही सोमवारचासुद्धा उपास केलात."

"देवाचं होतं ते," तो म्हणाला, आणि छातीवर क्रॉसही काढला, तो उलट्या बाजूने. मग माशान. माशान म्हणाला, माझ्या आज्याच्या खांद्यात गोळी होती, तो त्याच हाताने जेवायचा, आणि तू माझ्याकडून दाढेसाठी सही घेतेस. बाकीचे झाडाकडे बघत होते. मी त्यांना स्वच्छ शब्दांत सांगितलं की तुमच्यामुळे माझं नाव जातंय. त्यांना वाईट वाटलं, ते दिसत होतं. एकाने मला खुर्ची दिली, एकाने चीज आणलं, एकाने धुरी दिलेलं मांस कापून पुढ्यात ठेवलं. सही कोणी केली नाही.

मी चीज खात बसले. राग असा आला होता की चव कळत नव्हती. आणि त्या रागातच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यांना मी दुखलं का म्हणून विचारतेय. विचारायचं ते हे नाहीच. यांना विचारायचं, कोणी जास्त सोसलं.

मी पिशवीतून कागद काढला, चष्मा लावला आणि जरा मोठ्यानेच स्वतःशी म्हटलं, "बापरे. सातशे दहा. हा माणूस जिवंत कसा राहिला कोण जाणे."

झाडाखालच्या माना वळल्या.

"काय सातशे दहा?" माशानने विचारलं.

"काही नाही. दाताच्या मुळाशी आग किती होती, ते यंत्राने मोजलंय. जितका आकडा मोठा तितकी आग मोठी. शहरातले लोक चारशेला रडत येतात, पाचशेला बेशुद्ध पडतात. इथे एक जण सातशे दहा घेऊन गवत कापत होता. तोंडातून चकार शब्द न काढता."

"कोण?"

"नावं सांगायला मला बंदी आहे. पण तुमच्या कार्डांवर क्रमांक आहेत. हा एकोणीस नंबर."

अकरा हात अकरा खिशांत गेले. एक जण कार्ड घरी राहिलं म्हणून चक्क पळत गेला. एकोणीस नंबर माशानचा निघाला. तो उभा राहिला, खाली बसला, पुन्हा उभा राहिला आणि म्हणाला, "सातशे दहा होय. मला आपलं वाटलंच होतं."

"तुला तर दुखतच नव्हतं," मिलुतिन म्हणाला.

"दुखत नव्हतं असं मी म्हणालो. दुखत नव्हतं असं नाही. आणि याचा किती गं, याग्लिका?"

मिलुतिनचा सहाशे चाळीस. तो खवळला. म्हणाला, यंत्र बिघडलंय, मी या माशानपेक्षा तीन आठवडे जास्त काढलेत, हा दारू धरून बसायचा, मी तर कोरड्याने सोसलं. माशान म्हणाला, उपासाने कोणी मरत नाही. गायीवाल्याचा पाचशे ऐंशी निघाला, तर त्याने कपाळावरचं टेंगूळ दाखवून ते जमेस धरा म्हणून हट्ट धरला. मी म्हटलं, यंत्र बोलतं ते बोलतं, पण माणसाचा जबाब शेवटी माणसाचा. ज्याला वाटतं आपण जास्त सोसलं, त्याने इथे लिहून सही करावी. कसं दुखायचं, कधीपासून, किती. जागा कमी पडली तर मागे लिहा.

मागे लिहिलंच. माशानने दीड पान लिहिलं. आणि त्या गर्दीत क्र्स्तो म्हणून एक जण घुसला, या बारांबाहेरचा; त्याने दात शहरात येऊन काढला होता, गाठ खरोखरच मुकी होती, आकडा पंचावन्न.

"मलाही द्या कागद. माझंही दुखत होतं," तो म्हणाला.

"क्र्स्तो, तुमचा खळगा पाण्यासारखा होता."

"म्हणजे मी काय बायल्या?"

त्याची बायको दुकानाच्या दारातून म्हणाली, "याला काही नव्हतं हो. त्या दाताने अक्रोड फोडायचा." अख्खं झाड हसलं. क्र्स्तो माझ्याशी आजतागायत बोलत नाही.

अकरा सह्या झाल्या. मी कागद गोळा करत होते तेव्हा माशानला शंका आली. "सगळ्यांत मोठा माझाच ना?"

"नाही," मी म्हटलं. "सत्तावीस नंबर. एक हजार साठ."

कोणाकडे सत्तावीस नव्हता. ते एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले, आणि मग एकेकाने वरच्या वाटेकडे पाहिलं. त्या वाटेच्या टोकाला वुकोताचं घर.

"म्हातारा," मिलुतिन हळूच म्हणाला. त्यानंतर आकड्यांवरून कोणी भांडलं नाही.

मी चढ चढले. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. या म्हाताऱ्यालाही तीच मात्रा द्यायची: सगळ्या भावकीत पहिला नंबर, काका, करा सही. पहिला नंबर कोणाला नको असतो?

वुकोता अंगणात कुंपणाची काठी तासत बसला होता. अंगात तोच सुतकाचा काळा शर्ट. मला बघून उठला, स्वतः कॉफी करून आणली. फार गोड होती, आमच्या बायका करतात तशी.

"काका, त्या दिवशी तुम्ही सांगितलंत, दुखत नाही."

"सांगितलं."

"बाकी अकरा जणांनी आत्ता लिहून दिलंय, की दुखत होतं."

"त्यांचं दुखत असेल."

"तुमचा आकडा त्या सगळ्यांत मोठा आहे. एक हजार साठ. यासेनोवोत पहिला. आमच्या सगळ्या ताटल्यांत पहिला."

माझा डाव होता तो. तो खुलला नाही, खवळला नाही. त्याने काठी बाजूला ठेवली.

"दाताचा आकडा?"

"दाताचा."

"या बाजूचा?" त्याने डाव्या गालाला हात लावला.

"त्याच बाजूचा."

त्याने हात गालावरून मानेपर्यंत नेला. मग म्हणाला, "स्ताना गेली त्याच आठवड्यात सुरू झालं. कानापासून खाली, मानेत, इथे खांद्यापर्यंत. उशीला गाल टेकवता येईना. घास उतरेना. मी म्हटलं, हे असंच असणार. बेचाळीस वर्षांच्या सोबतीचं माणूस गेलं की असंच दुखत असणार. विचारायचं कोणाला? याआधी माझी बायको कधी मेली नव्हती."

मला हसू आलं आणि लगेच त्याची लाज वाटली.

"मग ती पोरगी म्हणाली, दात दुखतो का. दात नाही दुखत म्हटलं. खरं तेच सांगितलं. ती म्हणाली, फोटोत काहीतरी आहे, काढावा लागेल. काढ म्हटलं. दाताचं काय एवढं."

"आणि मग?"

"मग चौथ्या दिवशी सकाळी उठलो, तर दुखत नव्हतं." त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "काहीच दुखत नव्हतं, याग्लिका. रात्रभर झोपलो होतो. भूक लागली होती. चार महिनेही झाले नव्हते तिला. मी पलंगावर बसून राहिलो. म्हटलं, संपलं? एवढंच होतं का माझ्यात तिच्यासाठी? दुकानाकडे जायचं धाडस होईना. कोणी विचारलं, वुकोता, कसा आहेस, तर काय सांगू? बरा आहे म्हणून सांगू?"

मघाशी झाडाखाली केलेला सगळा तमाशा आठवला आणि तो कागद पिशवीतून काढावासाच वाटेना. काढला नसता तर ती ओळ छापली गेली असती, हेही मला ठाऊक होतं. मी तो काढला नाही. त्याला ते काय होतं हे कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि तिथे मीच होते.

"काका, ऐका," मी म्हटलं. "तुमच्या दाताच्या मुळाशी एवढीशी पिशवी होती. मसुराएवढी. आत पेशी बसलेल्या, आणि सगळ्या ओरडत होत्या, धावा, धावा. एरवी त्यांच्यात काही जणी असतात पुरे म्हणणाऱ्या. तुमच्या गाठीत पुरे म्हणणारं जवळजवळ कोणी नव्हतं. मी दोन्ही मोजते. इतकी एकतर्फी गाठ मी आजवर बघितलेली नाही. आतलं हाड विरघळत होतं. ते दुखणं कानात जातं, मानेत जातं, झोप घालवतं."

"म्हणजे ते सगळं दाताचं होतं."

"कानाचं, मानेचं, उशीचं, ते दाताचं."

"आणि ती?"

"स्ताना नळीत येत नाही, काका. एकतीस वर्षं मी तिथे बसलेय. तसलं काही त्या ताटलीत उमटत नाही."

त्याने कोंबड्यांच्या खुराड्याकडे पाहिलं. "तिच्या कोंबड्या माझ्या आवाजाला येत नाहीत. मी तिच्यासारखा आवाज काढून बोलावतो. परवा बोलावता बोलावता मध्येच खाली बसलो. उठवेना. ते?"

"ते दाताचं नाही."

"परवाचंच आहे ते. दात काढल्यानंतरचं."

"म्हणूनच म्हणते, ते दाताचं नाही."

त्याने असा श्वास सोडला की मला वाटलं हा आता रडणार. रडला नाही. तोंडावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाला, "मग ठीक आहे. तू कशासाठी आली होतीस? कुठे सही हवी?"

मी कागद दिला. त्याने चष्मा शोधला, सगळा नीट वाचला. कधीपासून दुखत होतं, त्यापुढे फेब्रुवारी लिहिलं. किती, त्यापुढे लिहिलं, फार. खाली स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि आडनाव. मग माझ्याबरोबर तो वाटेने खाली आला, बसपर्यंत सोडायला. झाडाखालचे सगळे उठून उभे राहिले. माशानने त्याला आपली खुर्ची दिली.

सोमवारी सरांनी बारा सह्या मोजल्या. दोनदा मोजल्या. मग चष्मा काढून हातात घेतला आणि म्हणाले, "याग्लिकाबाई, मी चुकलो. माफ करा." दोन आठवडे या क्षणासाठी मी काय काय घोकून ठेवलं होतं. पिपेट उलटी धरल्यापासून सुरुवात करणार होते. पण मी म्हणाले ते इतकंच, "ठीक आहे, सर." खरंच ठीक वाटत होतं.

त्यांनी लगेच कोसाराला बोलावून नवी ओळ लिहायला घेतली. मी खांद्यावरून वाचत होते. "बाराही रुग्णांनी वेदनेबद्दल सुरुवातीला खोटी माहिती दिली," असं त्यांनी लिहिलं.

"अकरा," मी म्हटलं.

"सह्या बारा आहेत."

"सह्या बारा आहेत. खोटं अकरा जण बोलले. सत्तावीस नंबर खोटं बोललेला नाही."

"दुखत होतं, आणि नाही म्हणाला. मग त्याला दुसरं काय म्हणायचं? इथे दोनच रकाने आहेत, दुखरे आणि मुके."

"मग तिसरा पाडा. एका ओळीसाठी मी दोन आठवडे जीव जाळलाय, सर. त्या माणसाच्या नावावर तुमची ओळ मी चढू देणार नाही. नाहीतर माझ्याच नावावर घाला ती चूक, मला चालेल."

सरांनी ड्रॉवरमधून पट्टी काढली आणि तक्त्याला एक रेघ मारली. कोसारा पेन घेऊन थांबली होती.

"याग्लिकाताई, परीक्षक विचारणारच, याचा रकाना वेगळा का. काय सांगू?"

"सांग, त्याला दुखत होतं," मी म्हटलं. "फक्त त्याला वाटलं, ते बायकोचं आहे."